सांध्यातलं पाणी

डॉक्टर पेल्टियरनी आर्लिसच्या कानासमोरच्या उंचवट्यापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत जांभळ्या पेननं एक सरळ रेघ ओढली. पट्टी लावून रेघेच्या जरा खाली दोन ठिपके दिले. मग किंचित मागे सरून, घर रंगवणारा माणूस भिंतीकडे बघतो तसं, डोकं तिरकं करून त्या ठिपक्यांकडे पाहिलं.

भिंतीलगतच्या स्टुलावर गॉर्डी लाहती बसला होता. अंगावर कागदी झगा, डोक्याला कागदी टोपी. गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांच्या नखांत रेल्वे वर्कशॉपमधलं ग्रीस होतं. सकाळी ब्रशनं घासूनही ते निघालं नव्हतं. नवऱ्याला आत बसू द्यायची इथे पद्धत नव्हती. पण आर्लिसनं मिटल्या दातांतून नर्सला ठामपणे काहीतरी सांगितलं होतं, आणि नर्सनं कपाटातून आणखी एक झगा काढून आणला होता. आर्लिस काय म्हणाली ते गॉर्डीला कळलं नव्हतं. नोव्हेंबरपासून त्याला तिचं काहीच कळत नव्हतं, आणि आता मार्च संपत आला होता.

डॉक्टर त्याच्यासमोर येऊन, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"मास्क चढवायच्या आधी सगळं सांगून टाकतो," ते म्हणाले. "एकदा चढवला की तुम्हाला माझं काही दिसायचं नाही."

गॉर्डीनं त्यांच्या ओठांवर नजर रोवली. पहिल्या भेटीत याच ओठांवर झुपकेदार मिशी होती. बहिऱ्या माणसाला मिशी म्हणजे खिडकीवरचा जाड पडदा. तेव्हा तो आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला होता, "डॉक्टर, तुम्ही मास्क लावा नाहीतर काढा, मला दोन्ही सारखंच!" आर्लिसनं टेबलाखालून त्याचं मनगट दाबलं होतं. आज ती मिशी ओठाच्या वर नीट कातरलेली होती. बायको मागे लागली होती म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. गॉर्डीला ते फारसं खरं वाटलं नाही.

"जबड्याचं हाड आणि कवटी यांच्यामध्ये एक लहानशी गादी असते." डॉक्टरांनी एक मूठ वळून तिच्यावर दुसरा तळहात ठेवला. "ती पुढे घसरून तिथेच चिकटून बसलीय. ओल्या टेबलावर काचेचा ग्लास चिकटतो बघा, तशी. ओढला तर निघत नाही. पण कडेनं थोडं पाणी शिरलं की आपोआप सुटतो. मी तेवढंच करणार. एका सुईतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. सांधा धुऊन निघाला की शेवटी थोडं वंगण."

"कसलं वंगण?"

"घट्ट औषध असतं. सांध्यात मुळात जे असतं त्याच जातीचं. आधी शर्यतीच्या घोड्यांच्या गुडघ्यांत द्यायचे."

गॉर्डीनं खुर्चीत रेललेल्या आर्लिसकडे पाहिलं. "ऐकलंस? घोड्याचं आहे."

आर्लिसनं डोळे फिरवले. तेवढी भाषा त्याला अजून वाचता येत होती.

"आणि ती नस?" त्यानं विचारलं.

डॉक्टरांनी आर्लिसच्या गालाकडे बोट दाखवलं. चेहरा हलवणारी नस या सांध्याच्या अगदी जवळून जाते, हे त्यांनीच पहिल्या भेटीत चित्र काढून दाखवलं होतं.

"ती चुकवण्यासाठीच ही रेघ आणि हे ठिपके," ते म्हणाले. "भुलीनं पापणी जड होईल. भूल उतरली की ती सुधारेल. कधी कधी एखाद्या माणसाची काही आठवडे तशीच राहते. कायमची राहिलेली मी पाहिलेली नाही."

गॉर्डीनं मान डोलावली. डॉक्टरांनी मास्क चढवला, आणि त्या खोलीतले सगळे ओठ त्याच्यापुरते नाहीसे झाले. उरले ते फक्त आर्लिसचे.

गॉर्डीला तिच्या दुखण्याची भीती वाटत होती हे खरं. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती, आणि ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. सुई चुकली तर तिचा अर्धा चेहरा लुळा पडेल. आणि अर्ध्या चेहऱ्याची आर्लिस त्याला वाचता येणार नाही. बायको वेदनेनं रात्र रात्र उशीवर गाल दाबून पडते, आणि आपण आपल्याच सोयीची काळजी करतोय, याची त्याला लाज वाटत होती. तरी भीती जात नव्हती.

त्याचे कान मेंदूज्वरानं नेले. तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता. ताप उतरून डोळे उघडले तेव्हा आर्लिस पलंगाशी उभी राहून ओठ हलवत होती, आणि तो चिडून म्हणत होता, "अगं मोठ्यानं बोल ना जरा." आतल्या कानाची पोकळी हळूहळू हाडानं भरून गेली, कुठलं यंत्र बसवायला जागाच उरली नाही. खुणांची भाषा शिकवणारी एक बाई डुलुथ शहरात होती. पण त्यांच्या टू हार्बर्स गावातल्या वर्कशॉपमध्ये, दुकानात, चर्चमध्ये त्याच्याशी ती भाषा बोलणार कोण? तेव्हा आर्लिसनं स्वयंपाकघरातला दिवा काढून जास्त उजेडाचा लावला, त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली, आणि तोंड मोठं उघडून बोलायला लागली. प आणि ब ओठांवर एकसारखे दिसतात, म्हणून शब्द बदलून बदलून. रोज संध्याकाळी, भांडी तशीच ठेवून. वर्षभरानं तो तिचं सगळं वाचू लागला. इतरांचं निम्मंशिम्मं. पाद्रीबुवांचं अजिबात नाही, ते पुटपुटायचे. पण त्याचं काही अडत नव्हतं. जगात कोण काय बोललं ते आर्लिस आपल्या ओठांवर घेऊन घरी आणायची.

मग नोव्हेंबरात एका सकाळी तिनं टोस्टचा तुकडा तोंडाशी नेला आणि तो आत गेलाच नाही. दातांमध्ये करंगळीचं टोक जेमतेम मावेल एवढीच फट. तिला वाटलं, शेकलं की सुटेल. सुटलं नाही. गावातल्या दातांच्या डॉक्टरनं रात्री घालायला एक प्लास्टिकची पट्टी दिली, गोळ्या दिल्या. दुखणं कानात शिरलं, कानशिलात शिरलं. ती सूप प्यायची, बटाटे कुस्करून चमच्याच्या टोकानं आत सारायची. बोलायची ती दात मिटूनच. बाकीच्यांना ते कळत असावं, कारण दुकानातली बाई हसून उत्तर द्यायची. गॉर्डीला मात्र दिसायचं ते फक्त ओठांचं थरथरणं.

पहिले काही आठवडे तो "काय? काय?" विचारत राहिला. पुन्हा सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा त्यानं विचारणं सोडलं, आणि ती बोलली की मान हलवायला सुरुवात केली. आर्लिसनं फ्रिजला लहान मुलांचा पांढरा फळा टांगला. सुरुवातीला त्यावर वाक्यं असायची. फेब्रुवारीपर्यंत नुसते शब्द उरले. दूध. कचरा. लाइट बिल. एवढ्या वर्षांचा संसार फळ्यावर मावायला लागला.

डुलुथला डॉक्टर पेल्टियरकडे पहिल्यांदा आले तेव्हा नर्स टॅमीनं सवयी विचारल्या. च्युइंग गम खाता का, रात्री दात आवळता का. जबडा कधी वाजायचा का?

आर्लिसनं कागदावर लिहिलं: खूप वर्षं. रोज.

गॉर्डीनं ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. तिचा जबडा वाजत होता. चर्चच्या तळघरात शेजारी जेवायला बसणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकू आलं असणार. फक्त त्याला नाही.

"आणि बोलता कशा तुम्ही एरवी? तोंड फार मोठं उघडून?" टॅमीनं विचारलं. हे तिचे ओठ गॉर्डीला स्वच्छ वाचता आले. आर्लिसची नजर त्याच्याकडे वळली आणि तेवढ्याच घाईनं परत गेली.

"म्हणजे माझ्यामुळे झालं हे?" गॉर्डीनं डॉक्टरांना विचारलं. आवाज एवढा मोठा की बाहेरच्या बाकावरची माणसंही वळली असतील.

डॉक्टरांनी कागद ओढून मोठ्या अक्षरांत लिहिलं: ते कुणीच सांगू शकणार नाही.

त्यानं तो कागद घडी करून खिशात घातला होता. डॉक्टरांनी तो धीर म्हणून दिला होता. त्याला तो तसा वाटला नाही.

आता टॅमीनं आर्लिसचं डोकं हळूच वळवलं. चेहरा गॉर्डीकडे, रेघ ओढलेली बाजू वर. निळं कापड अंथरलं. कापडाला कापलेल्या चौकोनातून तिचे डोळे, गाल आणि ओठ तेवढे दिसत होते. भुलीची सुई गेली तेव्हा आर्लिसनं गॉर्डीची बोटं धरली. थोड्या वेळानं तिच्या वरच्या बाजूच्या डोळ्याची पापणी सैल होऊन अर्धी खाली आली. गॉर्डीनं श्वास रोखला. दुसरा डोळा त्याच्याकडे बघत होता, आणि त्यात त्याच्याबद्दलचीच काळजी होती.

पहिली सुई मागच्या ठिपक्यावर टेकली. गॉर्डीला वाटलं होतं, ती जराशी आत जाऊन हाडाला अडेल. ती जातच राहिली. डॉक्टरांचे खांदे स्थिर होते, हातही स्थिर होते, फक्त सुई आखूड होत होती. आर्लिसच्या याच गालावर त्यानं किती वेळा ओठ टेकवले होते. त्या जागी आत एवढी खोल काही जागा असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. मग दुसरी सुई, पहिलीच्या पुढे. तिला एक बारीक नळी जोडलेली, आणि नळीच्या टोकाखाली टॅमीनं धरलेलं स्टीलचं भांडं.

डॉक्टरांनी पहिल्या सुईला पिचकारी जोडली आणि अंगठ्यानं दाबली.

नळीतून काहीच आलं नाही.

पुन्हा दाबली. आर्लिसचा दुसरा डोळा घट्ट मिटला. तिची नखं गॉर्डीच्या तळव्यात रुतली. डॉक्टर थांबले, टॅमीकडे वळून काहीतरी म्हणाले. मास्क आत-बाहेर हलला एवढंच त्याला दिसलं. काय म्हणाले? चुकलं का काही? आयुष्यात इतक्या खोल्यांत तो असा न कळता बसला होता, पण इतका एकटा कधीच बसला नव्हता. डॉक्टरांनी दुसरी सुई केसभर मागे घेतली, किंचित वळवली, आणि पुन्हा अंगठा दाबला.

नळीच्या टोकाशी एक थेंब जमला. फुगला, लोंबला, भांड्यात पडला. मग दुसरा. मग थेंबांमधलं अंतर कमी होत गेलं.

गॉर्डी नकळत पुढे वाकला. पाणी आत जात होतं आणि पाणी बाहेर येत होतं. मधला प्रवास कुणालाच दिसत नव्हता. कानापुढच्या त्या चिमुकल्या अंधारात, जिथे जन्मापासून उजेड पोचला नव्हता, तिथून ते वाहून येत होतं. आधी गढूळसर, गुलाबी छटेचं. काही बारीक पांढुरके कण त्यात तरंगत होते. याच कणांनी तिचं तोंड बांधून ठेवलं होतं? एवढ्याशांनी? तो इंजिनं उघडणारा माणूस. तेलात सापडलेला कण बोटांत धरून बघायची त्याला सवय. पण इथे त्याचा हात पुढे झाला नाही. देवळात वस्तूंना हात लावत नाहीत, तसा तो बसून राहिला.

हळूहळू पाणी निवळलं. अखेरीस ते इतकं स्वच्छ झालं की भांड्यात पडतानाच तेवढं दिसायचं.

डॉक्टरांनी एक सुई काढली. उरलेल्या सुईतून ते घट्ट औषध सावकाश आत सोडलं आणि तीही काढली. मग हातमोजे बदलून त्यांनी अंगठा आर्लिसच्या खालच्या दाढांवर ठेवला, बाकीची बोटं हनुवटीखाली, आणि जबडा खाली दाबून पुढे ओढला.

काही झालं नाही. दातांची फट तेवढीच.

त्यांनी पुन्हा ओढला. या वेळी आर्लिसचं सगळं अंग एकदम दचकलं. तो धक्का तिच्या बोटांतून गॉर्डीच्या खांद्यापर्यंत आला. टॅमीच्या भुवया उंचावल्या. खोलीत काहीतरी वाजलं होतं, आणि ते त्याच्याखेरीज सगळ्यांनी ऐकलं होतं.

आणि आर्लिसचं तोंड उघडलं.

उघडतच गेलं. आधी जीभ दिसली. मग मागच्या दाढांतलं चांदीचं काम, जे तिनं लग्नाआधी करून घेतलं होतं. मग टाळूची कमान, आणि तिच्या मध्ये लोंबणारी ती लहानशी पडजीभ. गॉर्डी डोळे विस्फारून बघत होता. डॉक्टरांनी हात काढून घेतला होता. तोंड आता कुणीच धरलेलं नव्हतं. ते आपलं आपण उघडं होतं. दोन सुया, थोडं मिठाचं पाणी. बंदरात बर्फात अडकलेली मालाची बोट वाट मोकळी होताच एकदम सरकते. ती सरकल्यावरच कळतं की केवढी मोठी बोट होती ती.

आर्लिसनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. अर्ध्या पापणीच्या डोळ्यानं छताकडे पाहिलं, आणि बधिर ओठांनी काहीतरी म्हणाली.

"ऊफ-दा!" गॉर्डी ओरडला. "ऊफ-दा म्हणाली ती! मला दिसलं!"

मास्कच्या वरचे सगळे डोळे हसत होते. तिच्या नॉर्वेकडच्या आजीचा तो उद्गार. बर्फ उपसून झालं की, जड पिशवी खाली ठेवली की, अंत्यविधीहून परत आलं की, टू हार्बर्समधल्या साऱ्या बायका हेच म्हणतात.

डॉक्टरांनी मास्क खाली केला आणि गॉर्डीला जवळ बोलावलं. त्याचं जाडजूड बोट धरून त्यांनी ते आर्लिसच्या दुसऱ्या, न टोचलेल्या कानापुढे ठेवलं.

"आता तोंड उघडा," ते तिला म्हणाले.

गॉर्डीच्या बोटाखाली हाड हललं, पुढे सरकलं, खड्डा पडला. मग हाड परत जागेवर आलं. पुन्हा गेलं. पुन्हा आलं. ती आजवर त्याच्याशी जे जे बोलली होती ते सगळं या एवढ्याशा जागी सरकत सरकत आलं होतं. त्यानं बोट काढलं नाही. शेवटी आर्लिसनंच ते बाजूला केलं.

"बास," ती म्हणाली. "बाईला घरी जाऊ दे."

ते त्यानं वाचलं. पूर्ण वाक्य.

निघताना टॅमीनं सूचना दिल्या. आज बर्फानं शेकायचं, उद्यापासून रोज तोंड उघडायचा व्यायाम, मऊ खायचं, बोलणं बेतानं. हे किती दिवस टिकेल, असं गॉर्डीनं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बऱ्याच जणांचं टिकतं. काहींना पुन्हा यावं लागतं. व्यायाम चुकवू देऊ नका." एवढंच. त्यांनी कुठलंही मोठं वचन दिलं नाही, आणि गॉर्डीला ते आवडलं.

घरचा रस्ता सरोवराच्या काठानं जातो. थंडी अजून होती, पण काठाजवळचा बर्फ फुटायला लागला होता. निळ्या काचेच्या जाड लाद्या एकमेकींवर चढून किनाऱ्याला रचल्या गेल्या होत्या. गॉर्डी गाडी चालवत होता. गाडीत बोलायचं तर गाडी थांबवायची, हा त्यांचा जुना नियम. चालवताना त्याला तिचे ओठ बघता येत नसत. चांगल्या दिवशी अर्ध्या तासाचा रस्ता. भांडण असेल तर दुप्पट वेळ लागायचा, दर थोड्या अंतरावर गाडी बाजूला.

आज त्यानंच गाडी बाजूला घेतली. सरोवराकडे तोंड करून उभी केली. हीटरसाठी इंजिन चालूच ठेवलं. त्याची थरथर त्याला पायांत जाणवत होती.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "हिवाळाभर मला तुझं काही कळत नव्हतं. मी नुसती मान हलवत होतो."

आर्लिस गालावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. ती खाली घेऊन तिनं चेहरा त्याच्याकडे वळवला.

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"डोरीनला आठवडाभर राहायला बोलावू का म्हणून विचारलं, आणि तू हसून हो म्हणालास. माझ्या बहिणीला! तेव्हाच कळलं."

गॉर्डीला हसू आलं. मग ओसरलं.

"माहीत होतं तर बोलत का राहिलीस? दुखत असताना? फळ्यावर लिहायचंस."

आर्लिसनं काचेबाहेर पाहिलं. पुन्हा त्याच्याकडे वळली तेव्हा तिनं ओठ एकदा घट्ट मिटून सोडले, अवघड वाक्याआधी ती नेहमी करायची तसे.

"सगळ्या वेळी बोलत नव्हते मी."

"मग?"

"गात होते."

आपण चुकीचं वाचलं असं गॉर्डीला वाटलं. "पुन्हा सांग."

"गात होते, गॉर्डी. गाणी म्हणत होते."

तो तिच्याकडे बघत राहिला. लग्न झालं तेव्हा ती चर्चमध्ये गायची. खालच्या पट्टीतला आवाज होता तिचा, जाड, उबदार. आवाज आता त्याला आठवत नव्हता. तो तसा होता असं लोक म्हणायचे, तेवढं आठवत होतं. त्याचे कान गेल्यावर तिनं ते सोडलं. सरावासाठी रोज संध्याकाळी बाहेर पडायला जमत नाही, असं म्हणाली होती. त्याला ते खरं वाटलं होतं.

"घरी का नाही गायलीस मग?" त्यानं विचारलं. "मला थोडाच त्रास होणार होता?"

"तू गाऊ द्यायचास का?" ती सावकाश, बेतानं बोलत होती, एकेक शब्द जपून. "माझे ओठ हलले की तू यायचास. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. दिवा लावायचास, माझं तोंड तुझ्याकडे वळवायचास. काय? काय म्हणालीस? एकदा अंगणातून पळत आलास, हातात कुऱ्हाड तशीच. तुला वाटलं मी हाका मारतेय." तिच्या ओठांचे कोपरे हलले. "दोनदा सांगितलं मी तुला, गातेय म्हणून. तू 'बरं' म्हणालास आणि परत गेलास. पण तुझा चेहरा बघवला नाही मला. तिसऱ्यांदा नाही सांगितलं."

"आणि या हिवाळ्यात?"

"दात मिटलेले. ओठ फारसे हलतच नव्हते. तुला वाटायचं मी काहीतरी बोलतेय. तू लांबूनच मान हलवायचास. जवळ यायचा नाहीस." ती थांबली. "वेदना होत होत्या. तरी गायले. दातांतल्या दातांत. इतक्या वर्षांनी मला घर रिकामं मिळाल्यासारखं झालं होतं."

बोलून झाल्यावर तिनं पिशवी पुन्हा गालाला लावली. गॉर्डीनं स्टिअरिंगवर हात ठेवले आणि सरोवराकडे बघत बसला. लांबवर बर्फाच्या पलीकडे उघडं पाणी सुरू झालं होतं, काळं, चकाकणारं.

आज सकाळी त्या स्टुलावर बसून त्यानं एकच मागणं मागितलं होतं: तिचं तोंड उघडू दे. ते उघडलं होतं. आता तो पुन्हा तिचा प्रत्येक शब्द वाचेल. ओठ हलले की धावत जाईल.

"म्हणजे आता गाणं पुन्हा बंद करशील," तो म्हणाला.

आर्लिसचा चेहरा त्याच्याकडे वळलेला होता, आणि तो त्याला वाचता येत होता.

"म्हण," गॉर्डी म्हणाला.

"आत्ता?"

"आत्ता."

"डॉक्टरांनी बोलणं कमी सांगितलंय."

"गाणं कमी सांगितलंय का?"

"ते मी विचारलं नाही." तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं, थट्टा तर करत नाही ना असं. "तुला काय कळणार त्यातलं?"

"काही नाही," तो म्हणाला.

तिनं बर्फाची पिशवी डॅशबोर्डवर ठेवली, कोटाचं वरचं बटण काढलं, आणि जड पापणीचा चेहरा समोर सरोवराकडे केला. त्याच्याकडे नाही. त्याला तिची एकच बाजू दिसत होती, जांभळी रेघ असलेली. तिचं तोंड उघडलं.

सवयीनं गॉर्डी शब्द वेचायला लागला. पहिला सापडला, दुसरा अर्धा. मग तोंड एका आकारात थांबलं आणि थांबूनच राहिलं. तो पुढच्या हालचालीची वाट बघत होता. ती येत नव्हती. एवढ्या वर्षांत त्यानं बघितलेली सगळी तोंडं घाईत होती; एका शब्दावरून दुसऱ्यावर पळणारी, आणि तो त्यांच्या मागे पळणारा. हे तोंड कुठेच पळत नव्हतं. त्या ठिपक्यांच्या खाली काहीतरी हळूच सरकलं, गळ्यावरची शीर ताणली गेली, छाती भरत होती आणि सावकाश रिती होत होती. शब्द येऊन गेले असतील. त्याला ते लागले नाहीत.

"काय?" त्याच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते तिथेच ठेवलं.

मग तिचं गाणं मोडू नये इतक्या हळू त्यानं हात पुढे नेला, आणि किल्ली फिरवून गाडीचं घरघरणारं इंजिन बंद केलं.